मोबाइलमधला पुरावा आणि कलम ६३ चे प्रमाणपत्र : वकिलाचे काम पहिल्या भेटीपासूनच

नागपूरच्या इतवारीतला किराणा व्यापारी वसुलीच्या दाव्यासाठी वकिलाकडे येतो, तेव्हा त्याच्या हातात पूर्वीसारखी सही केलेली चिठ्ठी क्वचितच असते. असतो तो मोबाइल, आणि त्यात समोरच्याचा "सोमवारी पक्के देतो" असा व्हॉट्सॲप संदेश. कौटुंबिक न्यायालयात जाऊ पाहणारा पक्षकार कॉल रेकॉर्डिंग ऐकवतो, सीताबर्डीचा दुकानदार सीसीटीव्हीचे चित्रण पेनड्राइव्हवर घेऊन येतो, तर हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतला उद्योजक ई-मेलच्या छापील प्रतींची जाड फाइल टेबलावर ठेवतो. पुराव्याचे स्वरूप बदलून बरीच वर्षे झाली आहेत. तो न्यायालयासमोर आणण्याचे नियम मात्र १ जुलै २०२४ पासून बदलले, कारण त्या दिवशी १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आणि जुन्या कलम ६५ब चे काम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत ती कोणत्या उपकरणातून कशी तयार झाली हे सांगणारे प्रमाणपत्र मागण्याचे, नव्या कलम ६३ कडे आले.

अनेक वकील या प्रमाणपत्राकडे अजूनही सरतपासणीच्या, म्हणजे आपल्याच साक्षीदाराच्या जबाबाच्या, शपथपत्राला जोडायचा एक कागद म्हणून पाहतात. जुन्या कायद्याखाली तसे पाहून बऱ्याचदा निभावले. नव्या कायद्यातील प्रमाणपत्रात जी माहिती भरावी लागते, ती पक्षकाराच्या पहिल्या भेटीत गोळा केली नाही तर पुराव्याच्या टप्प्यापर्यंत ती हाती उरण्याची शक्यता फार कमी असते. मधल्या काळात फोन बदललेला असतो, डीव्हीआरने (सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राने) जुने चित्रण पुसून नवे नोंदवलेले असते आणि ज्या कर्मचाऱ्याने नक्कल काढली तो नोकरी सोडून गेलेला असतो.

जालन्याचा निकाल आणि त्याआधीचा गोंधळ

कलम ६३ नीट समजायचे असेल तर जुन्या कलमाखालील चार निकालांचा क्रम माहीत असावा लागतो. संसद हल्ला खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले होते की, कलम ६५ब चे प्रमाणपत्र नसले तरी इलेक्ट्रॉनिक नोंद दुय्यम पुराव्याच्या, म्हणजे मूळ वस्तूऐवजी तिची प्रत सादर करण्याच्या, सर्वसाधारण नियमांनी सिद्ध करता येते. पुढे १८ सप्टेंबर २०१४ रोजी अन्वर विरुद्ध बशीर या केरळमधील निवडणूक प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही भूमिका फिरवली आणि प्रमाणपत्राशिवाय दुय्यम इलेक्ट्रॉनिक पुरावा ग्राह्य नाही असे ठरवले. त्यानंतर २०१८ साली शफी मोहम्मद प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, ज्याच्या ताब्यात ते उपकरणच नाही त्याच्यावर प्रमाणपत्राची सक्ती करू नये, अशी सवलत दिली. खालच्या न्यायालयांनी नेमके काय करावे, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उघडा पडला.

या वादाचा शेवट महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने झाला. जालना विधानसभा मतदारसंघात २०१४ साली अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडणुकीला आव्हान दिले. उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन वाजता संपत होती, आणि खोतकरांचा अर्ज त्या वेळेनंतर स्वीकारला गेला, असा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात आणि दालनाबाहेर व्हिडिओ कॅमेरे चालू होते. त्या चित्रणाच्या सीडी उच्च न्यायालयाच्या आदेशाने हजर झाल्या, परंतु वारंवार मागणी करूनही संबंधित अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द ठरवली. त्यावरील अपिलात १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अन्वर प्रकरणाचा नियम कायम केला आणि शफी मोहम्मदचा निकाल चुकीचा ठरवला.

या निकालातून वकिलाच्या कामाच्या चार गोष्टी निघतात. मूळ उपकरणच, म्हणजे तो लॅपटॉप किंवा तो मोबाइल, त्याचा मालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन सादर करत असेल आणि तो आपल्या ताब्यातला आहे व त्यात मूळ माहिती साठवली आहे हे शपथेवर सांगत असेल, तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही. माहिती एखाद्या मोठ्या संगणक प्रणालीत असेल आणि ती प्रणालीच न्यायालयात आणणे शक्य नसेल, तर प्रमाणपत्राखेरीज मार्ग नाही. प्रमाणपत्र देणारा टाळाटाळ करत असेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते हजर करण्याचा आदेश मागता येतो. आणि शक्य ते सर्व करूनही ते मिळाले नाही, तर कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करत नाही या जुन्या न्यायतत्त्वाचा आधार मिळतो. गोरंट्याल यांना हा आधार मिळाला, कारण त्यांनी केलेल्या मागण्यांची नोंद अभिलेखावर होती. चौथी गोष्ट वेळेची आहे : खटला चालू असेपर्यंत, दुसऱ्या पक्षावर अन्याय होणार नाही हे पाहून, प्रमाणपत्र उशिरा दाखल करण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. बंगळुरूतील बॉम्बस्फोट खटल्यात, कर्नाटक राज्य विरुद्ध टी. नसीर या प्रकरणी, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग मोकळा ठेवला.

उशिराची ही मुभा पाहून कोणी निर्धास्त होऊ नये. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून एका तरुणीला नेऊन तिचा खून केल्याच्या २०१४ च्या खटल्यात खालच्या न्यायालयाने फाशी दिली होती आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. २८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. स्थानकावरील सीसीटीव्ही चित्रण हा सरकार पक्षाच्या कथनाचा एक मुख्य आधार होता, आणि त्याला कलम ६५ब चे प्रमाणपत्रच नसल्याने तो विचारातून वगळावा लागला.

नव्या कायद्यात काय वेगळे आहे

साक्ष्य अधिनियमाने "दस्तऐवज" या शब्दाच्या व्याख्येतच इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल नोंदींचा समावेश केला आहे. कलम ६१ सांगते की, केवळ इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्या कारणाने कोणतीही नोंद नाकारता येणार नाही आणि तिला इतर दस्तऐवजांइतकेच कायदेशीर बळ राहील. मात्र त्याच कलमात "कलम ६३ च्या अधीन राहून" अशी अट आहे, आणि सगळा खेळ त्या अटीत आहे.

कलम ५७ ला जोडलेल्या नव्या स्पष्टीकरणांवर वकीलवर्गात बरीच चर्चा होते. एकच नोंद एकाच वेळी किंवा पाठोपाठ अनेक फाइलींत साठवली गेली असेल तर त्यातील प्रत्येक फाइल प्राथमिक, म्हणजे मूळ, पुरावा आहे. योग्य ताब्यातून सादर झालेली नोंद, ती विवादित केली गेली नाही तर, प्राथमिक पुरावा आहे. चित्रण नोंदवले जात असतानाच दुसरीकडे पाठवले गेले तर साठवलेली प्रत्येक प्रत प्राथमिक आहे. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की, सगळेच प्राथमिक झाल्यावर प्रमाणपत्र लागतच नाही. प्रस्तुत लेखकाला हा युक्तिवाद धोक्याचा वाटतो. "विवादित केली गेली नाही तर" हे शब्द पाहता, समोरच्या वकिलाने लेखी उत्तरात एक वाक्य लिहिले की हे छत्र गळून पडते. शिवाय पेनड्राइव्हवर काढून आणलेली नक्कल आणि उपकरणात आपोआप तयार झालेली दुसरी फाइल या एकच गोष्टी आहेत, असे कोणत्याही न्यायालयाला पटवून देणे सोपे नाही. कलम ५७ चा युक्तिवाद जरूर राखून ठेवावा; प्रमाणपत्र तरीही दाखल करावे.

कलम ६३ चा गाभा जुन्यासारखाच आहे. संगणकाच्या बरोबरीने आता "संप्रेषण साधन" म्हणजे मोबाइलसारखी उपकरणेही त्यात स्पष्टपणे आली आहेत. खरा फरक उपकलम (४) मध्ये आहे. पूर्वी जबाबदार पदावरील एका व्यक्तीची सही पुरत असे आणि प्रमाणपत्राला ठरावीक नमुना नव्हता. आता उपकरणाचा किंवा संबंधित व्यवहाराचा प्रभार असलेली व्यक्ती आणि तज्ज्ञ अशा दोघांच्या सह्या लागतात. नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेला आहे. त्याचा भाग अ पक्षकाराने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा आहे. आणि ही नोंद ज्या ज्या वेळी ग्राह्यतेसाठी सादर होईल त्या प्रत्येक वेळी प्रमाणपत्र सोबत असले पाहिजे. म्हणून सही केलेल्या प्रमाणपत्राच्या एकापेक्षा अधिक मूळ प्रती करून ठेवणे हिताचे असते.

कोणत्या प्रकरणाला कोणता कायदा, हा प्रश्न आधी सोडवावा. कलम १७० प्रमाणे, १ जुलै २०२४ पूर्वी जो अर्ज, खटला, चौकशी, तपास, कार्यवाही किंवा अपील प्रलंबित होते, ते जुन्या पुरावा अधिनियमानुसारच चालेल. म्हणजे जून २०२४ मध्ये दाखल झालेल्या वसुलीच्या दाव्यात आज पुरावा चालू असला तरी तिथे कलम ६५ब चे एका सहीचे प्रमाणपत्र चालते आणि तज्ज्ञाची सही लागत नाही. याउलट ऑगस्ट २०२४ मधील दाव्यात जुना मसुदा काढून, वर "कलम ६५ब" हे शीर्षक तसेच ठेवून दाखल केलेले प्रमाणपत्र सदोष ठरते. संगणकात साठवलेले जुने मसुदे हे या चुकीचे नेहमीचे कारण असते.

हॅश मूल्य म्हणजे काय

अनुसूचीतील नमुन्यात वकिलाला सर्वांत अनोळखी वाटणारा रकाना हॅश मूल्याचा असतो. कोणतीही फाइल एका ठरावीक गणिती प्रक्रियेतून नेली की अक्षरे आणि आकडे यांची एक ठरावीक लांबीची ओळ मिळते. तिलाच हॅश मूल्य म्हणतात. एसएचए-२५६ या पद्धतीने मिळणारी ओळ नेहमी चौसष्ट वर्णांची असते, मग फाइल एका पानाची असो की दोन तासांच्या चित्रणाची. फाइलीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ओळ पूर्णपणे वेगळी येते, आणि ओळीवरून मूळ मजकूर परत काढता येत नाही. मुद्देमालाच्या पाकिटावर लाखेचे सील जे काम करते, ते फाइलीसाठी हॅश मूल्य करते : आत काय आहे ते सांगत नाही, मधल्या काळात कोणी हात लावला का एवढे सांगते.

नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी५ असे पर्याय दिलेले आहेत आणि कायद्याने मान्य अशा अन्य पद्धतीलाही जागा ठेवली आहे. पर्याय असला तरी एसएचए-२५६ च निवडावी. दोन वेगळ्या फाइलींचे एमडी५ मूल्य सारखे आणता येते हे २००४ मध्ये आणि एसएचए-१ च्या बाबतीत २०१७ मध्ये दाखवून दिले गेले आहे. उलटतपासणीत हा प्रश्न आपण होऊन कशाला ओढवून घ्यावा? मूल्य काढण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये "सर्टयुटिल" ही सोय आधीपासून असते, आणि तिच्या साहाय्याने पाच मिनिटांत काम होते. त्या पडद्याची छापील प्रत हॅश अहवाल म्हणून जोडावी, कारण अहवाल सोबत जोडावा असे नमुन्यातच म्हटले आहे.

व्यवहारात गफलत होते ती पुढील ठिकाणी. फाइलीचे नाव बदलल्याने किंवा तिची साधी नक्कल केल्याने हॅश मूल्य बदलत नाही. वर्डची किंवा एक्सेलची फाइल उघडून पुन्हा साठवली की ते बदलते. व्हॉट्सॲपवरून चित्रण किंवा छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ते दाबून लहान केले जाते, म्हणून पक्षकाराच्या फोनमधली फाइल आणि वकिलाच्या फोनवर आलेली फाइल या हॅशच्या दृष्टीने दोन वेगळ्या फाइली असतात. "साहेब, तुम्हाला व्हॉट्सॲप केले आहे, तेच लावा," असे पक्षकार सांगतो तेव्हा त्याला नम्रपणे नकार देऊन फोन घेऊन प्रत्यक्ष बोलवावे. अनेक छायाचित्रे असतील तर त्यांचे एक झिप करून त्याचे मूल्य काढता येते, पण ते झिप एकदाच करावे. त्याच फोल्डरचे दुसऱ्या दिवशी पुन्हा केलेले झिप वेगळे मूल्य देऊ शकते. चालू फोनचे एकूण हॅश मूल्य काढण्याच्या फंदात पडू नये, कारण चालू फोनमधील माहिती क्षणोक्षणी बदलत असते. मूल्य काढायचे ते त्यातून बाहेर घेतलेल्या फाइलीचे.

भाग अ : दुकानातील डीव्हीआरचे उदाहरण

समजा, सीताबर्डीवरील एका दुकानात रात्री तोडफोड झाली आणि मालकाला नुकसानभरपाईचा दावा करायचा आहे. पहिले काम घड्याळाचे. डीव्हीआरच्या पडद्यावर रात्रीचे २१:४७ दिसत असतील आणि आपल्या मोबाइलवर २१:३३ वाजले असतील, तर चौदा मिनिटांचा हा फरक त्याच वेळी लिहून ठेवावा आणि दोन्ही घड्याळे एकत्र दिसतील असे छायाचित्र घ्यावे. डीव्हीआरची वेळ बरोबर करण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्यावर जुन्या चित्रणातील फरक सिद्ध करण्याचा मार्ग बंद होतो. हा फरक प्रमाणपत्रासोबतच्या शपथपत्रात सांगितला की उलटतपासणीतील नेहमीचा हल्ला बोथट होतो.

नंतर डीव्हीआर उलटा करून खालच्या पट्टीवरील कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक टिपावा. नमुन्यात यासोबत उपकरणाचा रंगसुद्धा विचारला आहे, आणि मोबाइल असेल तर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांकही. चित्रण नव्या पेनड्राइव्हवर काढावे, काढताक्षणीच हॅश मूल्य घ्यावे, आणि घटनेच्या आधीचे व नंतरचे काही तासही त्यात असावेत, कारण नेमका तुकडाच आणला की तो निवडून कापल्याचा आरोप येतो. सही दुकानमालकाची असावी. डीव्हीआरचा पासवर्ड बऱ्याचदा कॅमेरे बसवणाऱ्या माणसाकडेच असतो, म्हणून सोयीसाठी त्याचीच सही घेण्याकडे कल असतो. पण व्यवहाराचा प्रभार त्याचा नसतो. त्याने नक्कल काढून दिली असेल तर त्याला वेगळा साक्षीदार करावे. नमुन्यात उपकरण त्या काळात नीट चालू होते असे विधान आहे, आणि ते मध्ये कधी बंद पडले असल्यास त्यामुळे नोंदीच्या अचूकतेवर परिणाम झाला नाही असेही त्यातच म्हटले आहे. मालकाला हे वाक्य वाचून दाखवावे आणि डीव्हीआर खरोखरच कधी बंद होता का, हे विचारावे. न वाचता केलेली सही पिंजऱ्यात फार महाग पडते.

चित्रण शेजारच्या सोसायटीच्या किंवा रुग्णालयाच्या कॅमेऱ्यात असेल तर पहिल्याच दिवशी जतन करण्याची लेखी नोटीस द्यावी. डिस्क भरली की डीव्हीआर जुने चित्रण आपोआप पुसतो, आणि त्याला तारखा कळत नाहीत. नोटिशीला दाद मिळाली नाही तर दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम ७ खाली जतन व तपासणीचा आणि आदेश १६ खाली हजर करण्याचा मार्ग आहे. फौजदारी प्रकरणात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ आहे. आणि न्यायाधीशाला कागदपत्रे मागवण्याचा अधिकार देणारे साक्ष्य अधिनियमाचे कलम १६८ दोन्हीकडे आहे.

भाग ब : तज्ज्ञ कोणाला म्हणायचे

हा नव्या कायद्यातला सर्वांत अडचणीचा प्रश्न आहे. कलम ६३ मध्ये "तज्ज्ञ" या शब्दाची व्याख्या नाही. कलम ३९ चे उपकलम (२) माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९अ खाली अधिसूचित झालेल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या परीक्षकाचे मत संबद्ध ठरवते, म्हणून तज्ज्ञ तोच, असे एक मत आहे. पण कलम ७९अ खाली केंद्र किंवा राज्य सरकारचे विभाग, मंडळे आणि यंत्रणाच अधिसूचित होऊ शकतात. खाजगी दाव्यातील प्रत्येक व्हॉट्सॲप संदेशासाठी सरकारी प्रयोगशाळेची सही लागते असा अर्थ लावला, तर दिवाणी न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा आणणे सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य होईल, आणि नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या संस्था फौजदारी मुद्देमालातून वर मान काढू शकणार नाहीत. कायदा करणाऱ्यांना हे अभिप्रेत असेल असे वाटत नाही. त्याच कलम ३९ चे उपकलम (१) विज्ञान, कला "किंवा अन्य कोणतेही क्षेत्र" यांत विशेष कौशल्य असलेल्या व्यक्तीला तज्ज्ञ मानते, आणि भाग ब मध्ये तज्ज्ञाने मुख्यतः हॅश मूल्यच नोंदवायचे आहे. संगणकशास्त्राची किंवा सायबर फॉरेन्सिकची पदवी आणि प्रत्यक्ष अनुभव असलेली व्यक्ती हे काम करू शकते, ही बाजू अधिक सयुक्तिक आहे.

तरीही सावधपणे चालावे. तज्ज्ञाचा शिक्षण व अनुभवाचा तपशील प्रमाणपत्रासोबत दाखल करावा, गरज पडल्यास तो साक्षीला येईल याची खात्री आधीच करून घ्यावी, आणि पक्षकाराचा नातेवाईक किंवा कार्यालयातला संगणक चालवणारा मुलगा या जागी बसवू नये. भाग अ आणि भाग ब शक्यतो एकाच बैठकीत, एकाच माध्यमावरून भरावेत. दोन भागांतील हॅश मूल्ये जुळली नाहीत तर प्रमाणपत्र आपल्याच विरुद्ध पुरावा होते. दाव्याची किंमत मोठी असेल किंवा समोरचा पक्ष फेरफाराचा आरोप करणारच असे दिसत असेल, तर आदेश २६ नियम १०अ खाली वैज्ञानिक तपासणीसाठी आयुक्त नेमण्याचा अर्ज द्यावा. मग तज्ज्ञ न्यायालयाचा असतो आणि त्याच्या पात्रतेवरचा वाद बराच कमी होतो.

व्हॉट्सॲप आणि घरातले रेकॉर्डिंग

व्हॉट्सॲपच्या बाबतीत स्क्रीनशॉटवर थांबू नये. त्या संभाषणातील आपोआप पुसले जाणारे संदेश ही सोय चालू असेल तर आधी ती बंद करावी, मग पूर्ण संभाषण "एक्सपोर्ट" करून त्या फाइलीचे हॅश मूल्य घ्यावे. इथे एक बारीक खाच आहे : एक्सपोर्ट केलेल्या फाइलीत पक्षकाराने साठवलेले नाव येते, क्रमांक येत नाही. इतवारीच्या आपल्या व्यापाऱ्याने समोरच्याचे नाव "शेटजी कापडवाले" असे साठवले असेल तर शंभर पानांच्या संभाषणात प्रतिवादीचे नाव एकदाही दिसणार नाही. म्हणून संपर्काच्या माहितीचे, क्रमांक स्पष्ट दिसेल असे पान वेगळे घ्यावे आणि तो क्रमांक प्रतिवादी वापरतो हे बिलावरून, जुन्या पत्रव्यवहारावरून किंवा उलटतपासणीतून सिद्ध करावे. प्रमाणपत्राने फाइल ग्राह्य होते. संदेश कोणी लिहिला हे त्याने सिद्ध होत नाही. ई-मेलबाबत कलम ९० तर स्पष्ट सांगते की, संदेश कोणी पाठवला याविषयी न्यायालय कोणतेही अनुमान करणार नाही. आणि फोन विकू नका, रीसेट करू नका, हे पक्षकाराला लेखी कळवावे. फोन हाच मूळ पुरावा आहे आणि वेळ पडल्यास तो घेऊन पिंजऱ्यात उभे राहता येते.

पती-पत्नीतील गुप्त रेकॉर्डिंगबाबत १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने असे रेकॉर्डिंग खाजगीपणाचा भंग म्हणून नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मत रद्द केले आणि जोडीदारांमधील संभाषणाला जुन्या कलम १२२ ने, म्हणजे आताच्या कलम १२८ ने, मिळणारे संरक्षण आपसातील दाव्यात लागू होत नाही असे ठरवले. या निकालाचा अर्थ रेकॉर्डिंग आपोआप खरे मानले जाईल असा नाही. आवाज कोणाचा, ध्वनिमुद्रण अखंड आहे का, मधला भाग कापला आहे का, ते जपले कसे, या ध्वनिफितींच्या काळापासूनच्या कसोट्या तशाच आहेत. कौटुंबिक न्यायालये अधिनियमाच्या कलम १४ मुळे तिथे पुराव्याचे नियम सैल आहेत हे खरे. पण तेच रेकॉर्डिंग उद्या फौजदारी तक्रारीत लागणार असेल, तर तिथे ही सैल वागणूक मिळणार नाही. म्हणून प्रमाणपत्र पहिल्यापासूनच तयार असावे.

बँकेच्या खातेउताऱ्याचा मार्ग वेगळा आहे. तिथे बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ च्या कलम २अ प्रमाणे शाखा व्यवस्थापकाचे आणि संगणक प्रणालीच्या प्रभारी व्यक्तीचे प्रमाणपत्र लागते; धनादेश अनादराच्या प्रकरणांत नुसता शिक्का मारलेला उतारा लावून मोकळे होण्याची सवय सोडली पाहिजे. व्यापारी न्यायालयातील दाव्यात आदेश ११ नियम ६ खालचे, नोंद कोणत्या उपकरणातून, कधी आणि कशी काढली हे सांगणारे शपथेवरील निवेदनही द्यावे लागते, आणि तिथे कागदपत्रे वादपत्रासोबतच दाखल करायची असल्याने उशिराला जागा जवळजवळ नसते.

फौजदारी खटल्यात, विशेषतः बचाव पक्षाकडून

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि कलम १९३ खालील अहवालात इलेक्ट्रॉनिक उपकरण कोणाकोणाच्या ताब्यातून गेले याचा क्रम द्यावा लागतो. बचाव पक्षाच्या वकिलाने दोषारोपपत्र हाती आल्यावर हा क्रम आणि जप्ती पंचनाम्यातील वेळ शेजारी शेजारी ठेवून वाचावी. हॅश मूल्य पंचनाम्याच्या वेळी घेतले की फोन प्रयोगशाळेत पोहोचल्यावर, यावर बरेच अवलंबून असते. मधल्या काळातला फोन सीलबंद नसेल तर उलटतपासणीचा विषय तिथेच मिळतो. चित्रणाची प्रत मिळणे हा आरोपीचा हक्क आहे. मेमरी कार्डमधील मजकूर हा दस्तऐवज असल्याचे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. पीडितेच्या खाजगीपणाचा प्रश्न असेल तेव्हा मात्र प्रतीऐवजी पाहण्याची संधी मिळते.

आक्षेप घेण्याची वेळ चुकवू नये. सोनू विरुद्ध हरियाणा राज्य या २०१७ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, कॉल तपशिलाला प्रमाणपत्र नाही हा आक्षेप सिद्ध करण्याच्या पद्धतीविषयीचा आहे आणि तो निशाणी पडतानाच, म्हणजे कागदाला पुरावा म्हणून क्रमांक मिळतानाच, घेतला पाहिजे, अपिलात प्रथमच घेता येत नाही. लोकमान्य टिळक टर्मिनसच्या प्रकरणात चित्रण अपिलात वगळले गेले म्हणून त्या भरवशावर राहणे हा जुगार ठरेल. निशाणी क्रमांक देण्याआधी आक्षेप तोंडी घ्यावा, तो साक्षीत नोंदवून घ्यावा, आणि प्रमाणपत्राचा भाग अ नाही, भाग ब नाही की हॅश अहवाल नाही, हे नेमके सांगावे. "पुराव्याला हरकत" एवढेच मोघम लिहिल्याने वरच्या न्यायालयात काही हाती लागत नाही.

आवाजाच्या ओळखीचा प्रश्न आला तर संहितेच्या कलम ३४९ खाली दंडाधिकारी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश करू शकतात. आणि आरोपी घटनेच्या वेळी दुसरीकडे होता असा बचाव असेल, तर कॉल तपशील आणि मोबाइल मनोऱ्यांच्या नोंदी जतन करण्याचा अर्ज जामीन अर्जाच्या सुमारासच द्यावा. दूरसंचार कंपन्यांवर या नोंदी किमान दोन वर्षे ठेवण्याचे बंधन आहे, आणि सत्र खटल्यात बचावाचा पुरावा सुरू होईपर्यंत ती दोन वर्षे बहुधा उलटून गेलेली असतात.